अक्काची गाडी

अक्काच्या हातचं जेवून कुणी स्वयंपाकाची तारीफ केली, तर दुसऱ्या दिवशी त्याला ताट मिळत नसे. तिचं म्हणणं असं, की तारीफ करणारा माणूस बोलत बसतो आणि त्याच्यामागं जेवणारे खोळंबतात. ही गाडीच्या दिवसांतली सवय होती. तिचं खोपट स्टेशनासमोर होतं. इंजिन पाणी भरून घ्यायचं तेवढ्या वेळात पॅसेंजर धावत यायचे, पिठलं-भाकरी खायचे आणि शिट्टी झाली की हात न पुसताच पळायचे. पुढं गाडी यायची थांबली, जेवणारे गेले, पण नियम तिनं तसाच ठेवला. मी तिच्याकडं राहायला गेले तेव्हा तिथं जेवणारी मी एकटी. पहिल्याच दिवशी मी अंबाडीच्या भाजीला चांगली म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत उपाशी गेले.

मी तिथं मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून गेले होते. निजामाचं राज्य होतं. मोठी लढाई नुकतीच संपली होती. नांदेडच्या मोठ्या लाइनीवरच्या एका जंक्शनातून आमचा फाटा फुटत होता आणि मन्याड नदी ओलांडून बिलोलीच्या अंगाला जात होता. लढाईच्या दिवसांत या फाट्यावरचं इंजिन आणि डबे दुसरीकडं नेले. लढाई संपली की परत देऊ, असं सांगितलं होतं. लढाई संपली, इंजिन काही आलं नाही. रुळांत गवत वाढलं. महिन्यातून एखादे दिवशी रेल्वेच्या गँगचा मुकादम ढकलगाडी घेऊन यायचा, रूळ जागेवर आहेत एवढं बघायचा आणि जायचा.

मी लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा झाले होते. वडिलांनी पुढं शिकवलं, नोकरी मिळवून दिली आणि स्वतः पोचवायला आले. जंक्शनापासून आमच्या स्टेशनापर्यंत रुळानं चारपाच कोस, पण बैलगाडीची वाट लांबून, नदीच्या उतारावरून. आम्हाला पुरा दिवस लागला. अंगणात उतरलो तर अक्का कमरेवर हात ठेवून उभी. उंच, काळीसावळी, कपाळावर मोठं गोंदण आणि चांदीचा तोडा एकाच पायात. तिनं वडिलांकडं पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "तुला एकटीला नांदेडला जायचं झालं तर कशी जाशील?"

वडील म्हणाले, "मी येईन की न्यायला. नाहीतर भावाला पाठवीन."

"मी तिला विचारून राहिले," अक्का म्हणाली.

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यावरून तिनं मला खोली दिली. तिला चटकन उत्तर देणारी माणसं आवडत नसत.

हा प्रश्न ती भेटेल त्या बाईला विचारायची. भाजीवालीला, पाटलाच्या लेकीला, एकदा तर बिलोलीहून आलेल्या तहसीलदाराच्या बेगमसाहेबांना, पडद्याच्या टांग्याशी जाऊन. गाडी होती तेव्हा उत्तर सोपं होतं. जनाना डब्यात बसायचं. बैलगाडीला बैल लागतात, हाकायला गडी लागतो, गडी द्यायला घरच्या पुरुषाची मर्जी लागते. जनाना डब्याला तिकीट पुरतं. "गाडी थांबली तवा गड्यांचं काय अडलं? ते घोड्यावर बसले, सायकलीवर बसले. बायका हायत तिथंच बसल्या," असं ती म्हणायची. गाडी 'बंद' झाली असं मात्र तिच्यासमोर कुणी म्हणायचं नाही. थांबली म्हणायचं.

ती स्वतः याच गाडीनं इथं आली होती. देगलूरच्या पलीकडची, तेलंगणाच्या हद्दीवरची. नवऱ्यानं दुसरी केली. ती बोचकं घेऊन निघाली आणि जंक्शनात समोर दिसली त्या गाडीत बसली. या स्टेशनावर पाणी प्यायला उतरली. नळावरच्या बाईनं तिला पाणी दिलं आणि कुणाच्या घरची, कुठं निघालीस, काहीच विचारलं नाही. "मग पुढं कशाला जायचं?" एवढंच ती मला म्हणाली. यापलीकडं तिनं त्या दिवसांबद्दल कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिच्या तोंडी चार भाषा होत्या आणि त्यांची कामं वाटलेली होती. आमच्याशी मराठी, अंमलदारांशी दखनी, म्हशीशी कन्नड. तेलुगू फक्त रागावल्यावर. ती जेवायची उभ्यानं, चुलीपाशी. मांडी घालून बसलेली मी तिला क्वचितच पाहिली. मी झोपत होते ते बाक सागवानी, लांबलचक, पाठीला पट्ट्यांचं. ते स्टेशनातल्या जनाना वेटिंगरूमचं होतं. स्टेशनाला कुलूप लागलं त्या दिवशी अक्कानं मुकादमाच्या देखत ते उचलून आणलं. सरकारी माल आहे, असं तो म्हणाला. "म्हणून तर सांभाळून राहिले," ती म्हणाली. दर पोळ्याला ती त्या बाकाला तेल लावायची.

मी गेले त्याच पावसाळ्यात सोजरची गोष्ट घडली. सोजर नदीअलीकडच्या वाडीतली, माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई. दुसरं बाळंतपण अडलं. सुईणीनं हात टेकले. जंक्शनात रेल्वेचा दवाखाना होता, पण नदीला पाणी आलेलं, बैलगाडी उतारातून जाणं शक्य नव्हतं. रेल्वेचा पूल तेवढा पाण्यावर होता. मुकादम योगायोगानं ढकलगाडीसकट स्टेशनात होता. अक्का त्याच्याकडं गेली. तो बिचारा घाबरला. नांदेडच्या हुकुमाशिवाय बाहेरचं माणूस ढकलगाडीवर घेतलं तर नोकरी जाईल, म्हणाला. अक्का त्याच्याशी भांडली नाही. तिनं सोजरला बाजेवर घातलं, वाडीतले चार गडी घेतले आणि रुळांवरून निघाली. मी बरोबर होते.

पूल लांब होता. स्लीपरांच्या मधून खाली गढूळ पाणी पळताना दिसत होतं. काही स्लीपर कुजलेले. अक्का पुढं चालत प्रत्येक स्लीपरवर पाय आपटून बघायची आणि मग गड्यांना खूण करायची. तिचा दुसऱ्या पायातला तोडा पूर्वी कधीतरी असाच या पुलावरून नदीत पडला होता. उरलेला काढून ठेवा, असं लोक तिला सांगत. एक गेला म्हणून दुसऱ्याला का शिक्षा, असं तिचं उत्तर असे. त्या दिवशी त्या एका तोड्याचा आवाज ऐकत मी पूल ओलांडला. खाली बघायचं नाही म्हणून तिच्या पायाकडं बघत होते.

सोजर वाचली. पोर गेलं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अक्का मला म्हणाली, "शाळेला सुट्टी टाक. नांदेडला जायचं हाय."

जंक्शनापर्यंत चालत आणि पुढं मोठ्या लाइनीच्या गाडीनं आम्ही गेलो. तिथल्या रेल्वेच्या कचेरीत एक वयस्क साहेब होते. दाढीला मेंदी लावलेली, बोलणं अतिशय अदबीचं. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. मी बसले, अक्का उभी राहिली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, सोजरचं ऐकून त्यांचे डोळे खाली गेले. मग त्यांनी अडचणी सांगितल्या. इंजिन मिळत नाही. पुलाला नवं लाकूड लागतं, ते जंगलखात्याकडून यायचंय. आणि खरं सांगायचं तर, ते म्हणाले, या फाट्यावर पॅसेंजर नाहीत. वरच्यांना तेच कळवलेलं आहे.

"साहेब, गाडीच न्हाई तर पॅसेंजर कुठून दिसतील?" अक्का दखनीत म्हणाली.

साहेब हसले. दिवाळीनंतर आपण स्वतः पाहणीला येऊ, तेव्हा लोक दाखवा, असं त्यांनी कबूल केलं.

त्या पाहणीसाठी अक्कानं फाट्यावरचं गाव न् गाव पालथं घातलं. ज्या बायकांना माहेरी, दवाखान्यात, बाजाराला जायचंय त्यांनी बोचकी घेऊन स्टेशनावर यावं, साहेबांना दिसू द्यावं, असा निरोप तिनं दारोदार दिला. बायका होकार देत होत्या. पण पाहणीच्या दिवशी साहेबांची ढकलगाडी आली तेव्हा फलाटावर अक्का, मी, एक म्हातारी भाजीवाली आणि कडेवर शेळीचं पिल्लू घेतलेली एक वेडसर बाई, एवढ्याच होतो. गावागावांत पुरुषांनी बायकांना अडवलं होतं. परक्या साहेबापुढं आमच्या लेकीसुना कशाला मांडायच्या, असं पाटील म्हणाले म्हणे. साहेबांना वाईट वाटलं. ते म्हणाले, एवढ्या सवाऱ्या तर एका टांग्यात मावतील. त्यांनी अक्काला सलाम केला आणि ढकलगाडी पुढं गेली.

मला वाटलं, आता ती तेलुगूत सुरू होईल. पण घरी येऊन तिनं भाकरी थापल्या. मी न राहवून म्हणाले, "अक्का, आता पुरे करा. नाही येत गाडी."

"गाडी न्हाई आली तर न्हाई," ती म्हणाली. "जायचं तर हाय ना?"

जंक्शनात रविवारी बाजार भरायचा. त्या रविवारी उजाडताच अक्का खांद्यावर बोचकं टाकून रुळांवरून चालत निघाली. मी आणि भाजीवाली बरोबर. मधली दोन स्टेशनं आणि एक थांबा घेतला. प्रत्येक ठिकाणी अक्का फलाटावर थांबायची, "जंक्शनला कुणी हाय का?" म्हणून खणखणीत हाक मारायची आणि गाडी उभी राहायची तेवढा वेळ उभी राहून पुढं निघायची. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी सोजर आली. तिचा सासरा सोडायला तयार नव्हता. अक्का त्याच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. ही आपली उभीच. शेजारीपाजारी बघायला लागले. शेवटी तोच वैतागून सुनेला म्हणाला, "जा बाई, जा, पण हिला दारातनं हलव."

मग बायका येऊ लागल्या. चार बायका सोबत असल्या की बरोबर गडी लागत नाही, हे घराघरांत हळूहळू पटत गेलं. अक्का बरोबर आहे म्हटल्यावर सासवासुद्धा सोडू लागल्या. कुणी माहेरी निघालेली, कुणी दवाखान्यात, कुणी नुसतीच बाजार बघायला. संक्रांतीपर्यंत स्टेशनास्टेशनावर बायका आधीच येऊन वाट पाहत बसू लागल्या. लोक याला अक्काची गाडी म्हणू लागले. तिची वेळ चुकत नसे. कुणी उशिरा आली, तर तिनं पळत येऊन गाठायचं. अक्का थांबायची नाही.

पुलावर ती सगळ्यांच्या आधी जायची आणि मधोमध उभी राहायची. घाबरलेल्या बायका तिच्याकडं बघत, पदर दातांत धरून, एकेक स्लीपर ओलांडायच्या. काहीजणी रांगत यायच्या. कुणी रडली तर अक्का तिला धीर देत नसे. घरी काय स्वयंपाक केला, असं काहीतरी विचारायची. उत्तर देता देता ती बाई पलीकडं पोचलेली असायची.

हे रेल्वेला कळल्याशिवाय कसं राहील? मुकादमानं आधी हात जोडले, मग वर कळवलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी अक्काला बिलोलीच्या मुन्सफ कोर्टाचं बोलावणं आलं. रेल्वेच्या हद्दीत जमाव घेऊन शिरते, असा आरोप होता. तिनं वकील दिला नाही. मी घाबरले होते. माझं नाव मध्ये आलं असतं तर नोकरी गेली असती. मी येते म्हटल्यावर ती म्हणाली, "ये, पण मागं बस."

रेल्वेतर्फे एक तरुण ओव्हरसियर आला होता. त्यानं फर्ड्या उर्दूत तक्रार मांडली. दर रविवारी या बाईच्या मागं इतक्या बायका रुळांवरून चालतात, की ढकलगाडी खाली उतरवून ठेवावी लागते. प्रत्येक स्टेशनावर नव्या सामील होतात. पुलावर रांग लागते. मुन्सफसाहेबांनी विचारलं, साधारण किती असतील? तो म्हणाला, हुजूर, मोजायला गेलं तर संपत नाहीत.

अक्का तोपर्यंत खाली बघत उभी होती. आता तिनं मान वर केली.

"हुजूर," ती म्हणाली, "हे यांचं बोलणं नीट लिहून घ्या. यांच्याच कचेरीनं मला सांगितलंय, या फाट्यावर पॅसेंजर न्हाईत म्हणून."

कोर्टात कुणीतरी हसलं. मुन्सफसाहेब हसले नाहीत. त्यांनी ओव्हरसियरला विचारलं, तुमच्या कचेरीनं असं कळवलंय हे खरं का? तो आधी कागद चाळत राहिला, मग होय म्हणाला. मग दोन्हीतलं खरं काय धरायचं, असं मुन्सफसाहेबांनी विचारलं. तो पुन्हा कागद चाळू लागला.

कायदा मोडल्याबद्दल अक्काला शिक्षा झालीच. कोर्ट उठेपर्यंत उभं राहायचं. पण रेल्वेच्या बोलण्यातली ही विसंगती मुन्सफसाहेबांनी निकालात सविस्तर लिहिली आणि नांदेडच्या साहेबांना पाठवली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पाय दुखले असतील, असं मी म्हणाले. "उभं राहायची सवय हाय," ती म्हणाली. मग थोडं चालल्यावर थांबली, झाडाला हात टेकला आणि खूप वेळ हसत राहिली.

पण गाडी लगेच आली असं कुणी समजू नये. साहेबांनी मनावर घेतलं, तरी लाकूड यायला पावसाळा उजाडला आणि पुलाचं काम पाणी उतरेपर्यंत थांबलं. मग इंजिन नाही, मग इंजिन आहे पण ड्रायव्हर नाही. प्रत्येक वेळी लोक म्हणायचे, गेली आता. अक्का रविवारी निघायची. कोर्टाची ताकीद असल्यामुळं आता ती रुळांच्या हद्दीबाहेरून, बांधावरून चालायची. पुलापाशी आलो की तिथं पहाऱ्याला ठेवलेला मुकादम नेमका पाठ करून विडी ओढत उभा असायचा. पूल संपेपर्यंत त्याची विडी संपत नसे.

पुढच्या थंडीत खबर आली, आणि या वेळी ती खरी होती. मालगाडीला जोडून पॅसेंजरचे दोन डबे येणार होते, त्यातल्या एकाचा अर्धा भाग जनाना. आदल्या दिवशी अक्कानं माझं अंथरूण काढून खाली टाकलं आणि बाक डोक्यावर घेऊन वेटिंगरूममध्ये नेऊन ठेवलं. मी त्यानंतर तिथं होते तोवर जमिनीवर झोपले.

गाडी रविवारी सकाळी आली. रात्री रिकामी पुढं गेलेली, आता पलीकडच्या टोकाहून, धूर काढत, सावकाश. स्टेशनावर गर्दी उसळली होती. पाटील फेटा बांधून पुढं उभे. पण जनाना डब्यापाशी बायका नुसत्याच घुटमळत होत्या. पायरी उंच होती, कित्येकींनी आयुष्यात डब्यात पाय ठेवलेला नव्हता. सोजर तर वाडीहून उलटी चालत आमच्या स्टेशनापर्यंत आली होती. ती अक्काजवळ जाऊन हळूच म्हणाली, "अक्का, आपण चालतच जाऊ की. बोलत बोलत जाणं होतं. आत बसून काय करायचं?"

दोनचार जणींनी हाव, हाव म्हणून माना डोलावल्या.

अक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग ती म्हणाली, "ज्यांना चालायचं त्यांनी चाला. पण आता चालाल ते मनाला आलं म्हणून. गाडी न्हाई म्हणून न्हाई."

आणि ती पायरीवर पाय देऊन वर चढली. पाठोपाठ मी चढले. सोजर थोडा वेळ खालीच उभी होती. शिट्टी झाली तशी "धर गं मला" म्हणून तिनं हात वर केला आणि बाकीच्या तिच्यामागं एकमेकींना ढकलत चढल्या. डब्यात एकच गलका झाला.

अक्का खिडकीपाशी बसली. बसली म्हणजे नीट पाय वर घेऊन, मांडी घालून. गाडी हलली. मी तिला काहीतरी सांगायला वळले, तर तिचे डोळे मिटलेले. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल. मग तिची मान माझ्या खांद्यावर आली. ती झोपली होती.

मी सोजरला खुणेनं दाखवलं. सोजरनं ओठांवर बोट ठेवलं आणि डब्यातला गलका एकीकडून दुसरीकडं विझत गेला. पुढच्या स्टेशनावर बायका दारात येऊन ओरडणार, "अक्का कुठं हाय?" तोच आतल्यांनी त्यांना हातानं गप्प केलं. त्या चपला हातात घेऊन आत आल्या. एकीचं लेकरू रडायला लागलं, ते चार हातांतून फिरत फिरत लांबच्या कोपऱ्यात गेलं. पुलावर गाडी धडधडली. अक्काला जाग आली नाही. सगळ्या फाट्यावर असंच झालं. डबा गच्च भरला आणि कुणी मोठ्यानं बोललं नाही.

जंक्शनात गाडी थांबली, तिच्या धक्क्यानं ती जागी झाली. बाहेर बाजाराचा गोंगाट ऐकून तिला क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि ती माझ्यावर तेलुगूत सुरू झाली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी मराठीत म्हणाली, "मला काहीच दिसलं न्हाई. उठवलं का न्हाईस?"

मी म्हणाले, "तुम्हाला कधी झोपलेलं बघितलंच नव्हतं."

ती फणकाऱ्यानं खाली उतरली. बायका बाजाराकडं निघाल्या. तीही निघेल म्हणून मी वाट बघत राहिले, तर ती स्टेशनमास्तरापाशी गेली, परतीची गाडी कधी सुटते ते विचारून आली. गाडीला अजून बराच वेळ होता. इंजिन सुटून पाण्याला गेलं होतं, डबे रिकामे उभे होते. अक्का पुन्हा जनाना डब्यात चढली, दुसऱ्या बाजूच्या खिडकीपाशी बसली आणि दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून समोर बघू लागली.